चोर सोडून संन्याशाला सुळी : बॅटरी उतरवणारी जुनी गाडी आणि डीसी क्लॅम्प मीटर

"बॅटरी गेली भाऊ तुमची, नवीन टाका."

"काहून? मागच्या दिवाळीत तं टाकली!"

"मंग उन्हाळ्यानं गेली असंन."

तालुक्याच्या गावी बॅटरीच्या दुकानापुढे हे बोलणं रोजचं. जुनी मारुती ८००, ओम्नी, इंडिका, सुमो नाहीतर बोलेरो दोन-तीन दिवस पोर्चमध्ये उभी राहिली की चावी फिरवल्यावर सेल्फ नुसता टक्‌कन वाजतो. घरचे चार जण धक्का मारतात, गाडी सुरू होते आणि थेट दुकानापुढे जाऊन उभी राहते. नवी बॅटरी बसते. काही आठवडे बरं चालतं, मग पुन्हा टक्‌. करंट खाणारा गाडीच्या वायरिंगमध्ये कुठेतरी बसलेला असतो आणि शिक्षा दर वेळी बॅटरीला होते. त्याला पकडायचं चांगलं हत्यार म्हणजे कमी करंट मोजणारा डीसी क्लॅम्प मीटर, म्हणजे तार न सोडता ती नुसती जबड्यात धरून बॅटरीचा सरळ (डीसी) करंट मोजणारा मीटर. तो काय दाखवतो, कुठे फसवतो आणि दारात एकच जुनी गाडी असलेल्याने तो घ्यावा का, याची ही पारख.

इथे समोर धरला आहे तो युनि-टी कंपनीचा यूटी २१०ई. तळहातात मावतो, दोन बारीक ट्रिपल ए सेलवर चालतो, जबडा १७ मिलिमीटर उघडतो. डीसी करंटच्या तीन रेंज आहेत : २, २० आणि १०० अँपियर. आपल्या कामाची पहिली, कारण तिच्यात पडद्यावर १ मिलिअँपियरचाही फरक दिसतो. व्होल्ट, ओहम आणि तार अखंड आहे का ते सांगणारा कंटिन्युइटीचा बीप त्यातच आहे. किंमत ढोबळमानाने लहान गाडीच्या नव्या बॅटरीच्या आसपास जाते, म्हणजे विचार करूनच घ्यायची वस्तू.

घेण्याआधी एक घोळ समजून घ्या. गावातल्या वायरमनकडे क्लॅम्प मीटर असतोच, विहिरीवरच्या मोटारपंपाचे अँपियर पाहायला. "त्याचाच आणू दोन तासांसाठी" असं वाटणं साहजिक आहे, पण तो बहुधा फक्त एसी मोजतो. त्याच्या जबड्यात नुसती ट्रान्सफॉर्मरची गुंडाळी असते आणि बॅटरीच्या सरळ करंटला ती दाद देत नाही. गाडीच्या तारेवर लावला की पडद्यावर शून्य दिसतं आणि माणूस समजतो की गळती नाही. दुसरा प्रकार ४०० किंवा ६०० अँपियरचे डीसी क्लॅम्प. ते खरे डीसी असतात, पण त्यातल्या बऱ्याच मीटरचा सगळ्यात लहान आकडा ०.१ अँपियर, म्हणजे १०० मिलिअँपियर. त्याच्या खालची गळती त्यांना दिसतच नाही. दुकानात विचारायचा प्रश्न एकच : डीसीमध्ये सगळ्यात छोटी रेंज किती आणि तिच्यात शेवटचा आकडा किती मिलिअँपियरचा?

आता हा शेवटचा आकडा इतका का महत्त्वाचा, ते हिशेबाने पाहू. मारुती ८००ची बॅटरी साधारण ३५ एएचची (अँपियर-तास, म्हणजे १ अँपियर ३५ तास). कार्ब्युरेटरच्या गाडीत चावी काढल्यावर गाण्यांच्या टेपची मेमरी आणि असलं तर घड्याळ, एवढंच चालू राहतं, ते मोजके मिलिअँपियर. इंजेक्शनच्या गाडीत ईसीएम (इंजिनचा कॉम्प्युटर) आणि सेंट्रल लॉक धरून २० ते ५० मिलिअँपियर चालून जातं. ५० मिलिअँपियर म्हणजे दिवसाला १.२ एएच, अर्धी बॅटरी संपायला पंधरवडा. ३०० मिलिअँपियर झाले की दिवसाला ७.२ एएच जातात आणि अर्धी बॅटरी अडीच दिवसांत खल्लास. डिकीतला ५ वॅटचा बल्ब जळत राहिला तर तो सव्वाचारशे मिलिअँपियर खातो. ब्रेकचे दोन २१ वॅटचे दिवे लागून राहिले तर साडेतीन अँपियर, सकाळपर्यंत बॅटरी पार कोरडी. म्हणून "किती दिवसांत उतरते" याचं उत्तर मालकाने नीट दिलं तर अर्धं निदान तिथेच होतं. एका रात्रीत उतरत असेल तर दिवा किंवा अडकलेला रिले (करंटने चालणारा स्विच) शोधा. आठवड्याने उतरत असेल तर टेप, ट्रॅकर नाहीतर डायनामोचा डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग).

पण मीटर हातात आला म्हणून लगेच गळती शोधत सुटू नका. आधी बॅटरी, मग डायनामो, शेवटी गळती. हा क्रम मोडला की दिवस वाया जातो.

गाडी रात्रभर उभी ठेवून सकाळी काही चालू न करता व्होल्ट घ्या. नुकतीच चालवलेली असेल तर हेडलाइट एक-दोन मिनिटं लावून बंद करा आणि थोडा वेळ जाऊ द्या, नाहीतर प्लेटांच्या पृष्ठभागावर साचलेला चार्ज खोटा आकडा दाखवतो. १२.६ किंवा जास्त म्हणजे भरलेली, १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ अर्धी, १२.० च्या खाली जवळपास रिकामी. १०.५च्या आसपास अडकली असेल आणि चार्ज करूनही वर येत नसेल तर सहापैकी एक सेल मेला, तिथे मात्र दुकानदाराचं खरं. झाकणं उघडणारी बॅटरी असेल तर हायड्रोमीटर, म्हणजे ॲसिडची घनता मोजणारी नळी, फिरवा. भरलेल्या सेलचा आकडा १.२५० ते १.२८० असावा. एक सेल बाकीच्यांपेक्षा ०.०५०ने मागे असेल तर ती बॅटरी कितीही चार्ज करा, टिकणार नाही. मग कुणाला तरी सेल्फ मारायला लावून त्याच वेळी टर्मिनलवरचे व्होल्ट पाहा. भरलेली बॅटरी ९.६च्या खाली जायला नको.

आपल्याकडच्या उन्हाळ्याची गोष्ट वेगळी. अकोला, चंद्रपूर, ब्रह्मपुरीकडे पारा ४५च्या पुढे जातो, बंद बोनेटखाली त्याहून जास्त. उष्णता साधारण १० अंशांनी वाढली की बॅटरी आपल्या आपण उतरण्याचा वेग जवळपास दुप्पट होतो आणि पाणीही भराभर उडतं. त्यामुळे एप्रिल-मे महिन्यांत तीन आठवडे उभी राहिलेली गाडी सुरू झाली नाही म्हणजे गळती आहेच असं नाही. महिन्यातून एकदा पाणी पाहा, प्लेटांच्या वर १० ते १५ मिलिमीटर असावं. भरायचं ते डिस्टिल्ड वॉटरच. आरओचं नाही, बोअरचं तर अजिबात नाही. "जरा ॲसिड टाकून देतो" म्हणणाऱ्याचा हात धरा. उडून जातं ते पाणी, ॲसिड आतच राहतं, वरून आणखी टाकलं की प्लेटा खाल्ल्या जातात. आणि बॅटरी जमिनीवर ठेवली की उतरते, ही समजूत आता सोडायला हरकत नाही. हल्लीच्या प्लास्टिकच्या डब्यातून फरशीत काही करंट जात नाही.

जात असेल तर तो वरून जातो. बॅटरीच्या माथ्यावर ॲसिडचा ओलसर थर आणि त्यावर धूळ बसली की तिथून दोन टर्मिनलांमध्ये बारीक वाट तयार होते. मीटर २० व्होल्टवर ठेवा, काळी सळी निगेटिव्हला, लाल सळी नुसती प्लास्टिकवर सरकवा. अर्धा व्होल्ट किंवा जास्त दिसला तर झाकणं घट्ट लावून, खाण्याचा सोडा कोमट पाण्यात घोळून ब्रशने धुवा. फेस थांबेपर्यंत धुवायचं, मग साध्या पाण्याने. सोड्याचं पाणी सेलमध्ये जाऊ देऊ नका. वीस रुपयांत होणारा हा इलाज दुकानात कुणी सांगत नाही.

डायनामोचं काम दोन मिनिटांचं. इंजिन मध्यम रेसवर, बॅटरीवर १३.८ ते १४.५ व्होल्ट. हेडलाइट आणि ब्लोअर लावला तरी १३.५च्या वर राहायला हवे. १४.८च्या पुढे गेले तर व्होल्ट आटोक्यात ठेवणारा रेग्युलेटर गेला, तो पाणी उडवून बॅटरी मारतो. कमी आले तर आधी बेल्ट दाबून पाहा, मग टर्मिनल, मग डायनामोचे कार्बन ब्रश. काही गॅरेजांत चालू गाडीची बॅटरी काढून "गाडी बंद नाही पडली म्हणजे डायनामो ओके" असा निर्णय देतात. ही रीत वाईट. बॅटरी निघाली की व्होल्टेज उसळतं आणि डायनामोचे डायोड, रेग्युलेटर, इंजेक्शनच्या गाडीत ईसीएमसुद्धा उडू शकतो. असं करणाऱ्याला तिथेच थांबवा.

चार-पाच किलोमीटरच्या बाजारहाटापुरतीच गाडी निघत असेल, तीही रात्री दिवे लावून, तर सेल्फने घेतलेला करंटच परत भरत नाही. अशा गाडीत गळती शोधण्यात अर्थ नाही. आठवड्यातून एकदा तास-दीड तास सलग चालवा, नाहीतर घरच्या चार्जरवर लावा.

एवढं सगळं ठीक निघालं की क्लॅम्प काढा.

निगेटिव्हची केबल निवडा. अनेक गाड्यांत निगेटिव्ह टर्मिनलवरून दोन तारा निघतात, जाड गिअरबॉक्सला आणि बारीक बॉडीला. दोन्ही एकदम जबड्यात घ्या. मावत नसतील, आणि टेप गुंडाळलेल्या जुन्या केबली १७ मिलिमीटरमध्ये जेमतेमच मावतात, तर एकेक मोजून बेरीज करा. चावी काढा, खिशात नको, घरात ठेवा. बोनेटखाली दिवा असेल तर त्याचा बल्ब काढा. ड्रायव्हरचं दार उघडं ठेवायचं असेल तर दाराचं लॉक स्क्रूड्रायव्हरने दाबून "बंद" करा किंवा चौकटीतलं बटण टेपने दाबून धरा, म्हणजे आतला दिवा विझेल आणि फ्यूजपेटीपर्यंत हात जाईल. काचा खाली ठेवा, सेंट्रल लॉक आपोआप लागलं तर चावी आत नको. मग थांबा. कार्ब्युरेटरच्या गाडीला दोन मिनिटं पुरे, इंजेक्शनच्या गाडीला वीस ते तीस मिनिटं द्या, ईसीएमसारखे सगळे इलेक्ट्रॉनिक डबे झोपायला तेवढा वेळ घेतात. तेवढ्यात मीटर आपोआप बंद होतो, ही या मीटरची एक कटकट. पुन्हा चालू केला की शून्यही पुन्हा करावं लागतं.

शून्य करणं हीच यातली खरी कला आहे, आणि इथेच बहुतेक जण फसतात. डीसी क्लॅम्पच्या जबड्यात चुंबकक्षेत्र ओळखणारा सेन्सर असतो. त्याला पृथ्वीचं चुंबकत्व, शेजारचं लोखंड, डिकीत ठेवलेला स्पीकर, सगळंच जाणवतं. मीटर खिशातून काढून नुसता हवेत धरला तरी २ अँपियरच्या रेंजमध्ये काही दहा मिलिअँपियरचा आकडा दिसतो. म्हणून टेबलावर शून्य करून गाडीकडे येऊ नका. जिथे मोजायचं त्याच तारेजवळ, त्याच कोनात, जबडा रिकामा आणि पूर्ण मिटलेला धरून झीरोचं बटण दाबा, मग मनगट न फिरवता तार आत घ्या. जबड्याच्या तोंडावर धुळीचा कण अडकला तरी आकडा सरकतो, फुंकर मारा.

तरीही विश्वास बसत नसेल तर ही युक्ती करा. आकडा पाहा, मग क्लॅम्प उलटा करून त्याच तारेवर, त्याच जागी पुन्हा लावा. समजा पहिल्यांदा १२० आणि उलट लावल्यावर उणे १०० आले. खरा करंट उणे चिन्ह सोडून दोन्हींची सरासरी, ११० मिलिअँपियर. उरलेले १० मीटरचे स्वतःचे. बारीक तारेत, म्हणजे टेपच्या पिवळ्या मेमरी तारेत, करंट फारच कमी असेल आणि तार लांब असेल तर ती जबड्यातून पाच वेळा गुंडाळा. आकडा पाचपट येईल, पाचाने भागा. ही सोय सळ्यांच्या मीटरमध्ये नाही.

गळती ठरली की ती कुठल्या वाटेने जाते ते शोधायचं. आणि इथे एक विरोधाभास आहे : वाट शोधायला क्लॅम्पपेक्षा दोन-तीनशे रुपयांचा पिवळा मल्टिमीटर जास्त कामाचा ठरतो. दुकानात तो डीटी ८३० नावाने मिळतो. त्याची २०० मिलिव्होल्टची रेंज ०.१ मिलिव्होल्ट दाखवते. पात्याच्या फ्यूजच्या डोक्यावर दोन उघडे ठिपके असतात, त्यांवर सळ्या टेकवा. फ्यूजला स्वतःचा थोडा रेझिस्टन्स असतो, त्यामुळे करंट वाहत असेल तर काही तरी मिलिव्होल्ट दिसतातच. १० अँपियरच्या फ्यूजवर १ मिलिव्होल्ट म्हणजे साधारण १३० मिलिअँपियर, १५च्या फ्यूजवर २००च्या आसपास. फ्यूज उपटावा लागत नाही, ही मोठी गोष्ट आहे. उपटला की झोपलेले डबे जागे होतात, चिकटलेला रिले सुटतो आणि चोर त्या दिवसापुरता साधू होतो. सगळ्या फ्यूजवर सळ्या फिरवायला पाच मिनिटं लागतात. जिथे आकडा दिसेल त्या फ्यूजवर कोणकोणती उपकरणं आहेत ते पेटीच्या झाकणावर पाहा. काचेच्या नळीचे फ्यूज असलेल्या जुन्या गाडीत टोकाच्या पितळी टोप्यांवर सळ्या टेकवा, पण आधी टोप्या घासून घ्या, गंजाच्या थराने आकडा खोटा येतो.

कुठल्याच फ्यूजवर काही नाही आणि क्लॅम्प तर ४०० मिलिअँपियर दाखवतो? मग फ्यूज नसलेल्या वाटा उरल्या : डायनामो, सेल्फ आणि बाहेरून जोडलेल्या तारा. क्लॅम्प डायनामोच्या मागच्या जाड तारेवर लावा. इंजिन बंद असताना तिथे काही मिलिअँपियरच्या वर दिसलं तर डायोड गळतोय. गाडी रात्रभर उभी राहून सकाळी डायनामो हाताला कोमट लागतो, हीही त्याची खूण. या ठिकाणी क्लॅम्पला तोड नाही. साध्या मीटरने हेच करायचं तर ती तार सोडावी लागते आणि तिच्यात बॅटरीचा थेट, बिनफ्यूजचा करंट असतो. पान्याचं टोक बॉडीला लागलं तर ठिणगी नाही, वेल्डिंग होतं.

डायोडची दुसरी चाचणी म्हणून एसी व्होल्ट पाहायला सांगतात : इंजिन चालू असताना बॅटरीवर अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त एसी दिसला तर डायोड खराब. ही चाचणी यूटी २१०ई वर करा, पिवळ्या मीटरवर नको. त्याच्या एसी रेंजला सरळ करंट अडवणारा कपॅसिटर नसतो, त्यामुळे नुसत्या चांगल्या बॅटरीवरही तो पंचवीसच्या पुढचा आकडा दाखवतो आणि लोक उगाच डायनामो उघडतात.

आता चोर कुठे सापडतो ते. जुन्या गाड्यांत कंपनीच्या वायरिंगपेक्षा नंतर जोडलेल्या वस्तूंमध्येच जास्त. पहिला संशयित टेप. त्याची पिवळी तार कायमच्या करंटला, लाल तार चावीच्या करंटला, काळी अर्थला, असा नियम. बसवणाऱ्याने घाईत लाल-पिवळी एकत्र पिळली की टेप कधी पूर्ण बंद होतच नाही. पडदा विझलेला दिसतो, आतलं सर्किट जागं असतं. ॲम्प्लिफायरला चालू-बंद करणारी रिमोटची तार थेट जोडली असेल तर तोही रात्रभर जागा. त्यानंतर म्युझिकल हॉर्नचा रिले, एलईडीच्या पट्ट्या, बाहेरून बसवलेलं सेंट्रल लॉक, सिगारेट लायटरच्या भोकात कायम खोचलेला मोबाईल चार्जर. भाड्याने चालणाऱ्या गाडीत जीपीएस ट्रॅकर असतो. तो थोडा करंट घेणारच, पण तो रोज चालणाऱ्या गाडीसाठी आहे, महिनाभर उभ्या राहणाऱ्या गाडीसाठी नाही.

कंपनीच्या वस्तूंमध्ये सगळ्यात दुर्लक्षित म्हणजे ब्रेक पेडलवरचा रबरी ठोकळा. पेडल वर आलं की तो ब्रेकच्या दिव्याचं बटण दाबून दिवा बंद करतो. वर्षानुवर्षांच्या उष्णतेने रबर कडक होऊन तुकडे पडतात, बटण भोकातून बाहेर येतं आणि दिवे लागून राहतात. दिवसा कुणाच्या लक्षात येत नाही. पायाशी काळ्या रबराचे तुकडे पडलेले दिसले तर वर वाकून पाहा. दुसरी जागा डिकीचा दिवा. तो बंद डिकीत जळतो की विझतो हे पाहायला मोबाईलचा व्हिडिओ चालू करून फोन आत ठेवा आणि डिकी लावा.

आणि उंदीर. सोयाबीनची पोती नाहीतर कापूस ठेवलेल्या खोलीला लागून गाडी उभी असेल तर इंजिनाच्या उबेला उंदीर येतातच. कुरतडलेली तार पावसाळ्यात ओलीने गळते, ऊन पडलं की बरी होते. अशी गळती गॅरेजमध्ये सापडत नाही, कारण तिथे पोहोचेपर्यंत तार वाळलेली असते. क्लॅम्प निगेटिव्हवर लावून वायरिंगची मोळी हाताने हळूहळू हलवत जा, आकडा जिथे उडी मारेल तिथे टेप सोडा.

कधी कधी गळतीही नसते आणि बॅटरीही चांगली असते, तरी सेल्फ मंद फिरतो. हा अर्थिंगचा दोष. इंजिन आणि बॉडी यांना जोडणारी वेणीची पट्टी गंजलेली असते. सेल्फ मारताना एक सळी बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटीवर आणि दुसरी इंजिनच्या उघड्या धातूवर धरा. ०.३ व्होल्टपेक्षा जास्त आले तर पट्टी सोडून घासा, बोल्टच्या खालचा रंगही खरवडा. इथे क्लॅम्पचा उपयोग नाही, कारण सेल्फचा करंट यूटी २१०ईच्या १०० अँपियरच्या मर्यादेपलीकडे जातो, डिझेल गाडीत तर फारच. सेल्फ किती अँपियर ओढतो हे मोजायचं असेल तर हा मीटर घेऊ नका, मोठ्या रेंजचा वेगळा लागतो.

मग एका गाडीच्या मालकाने काय घ्यावं? पिवळा मीटर आणि होल्डरमध्ये लावलेला १२ व्होल्टचा ५ वॅटचा बल्ब, एवढ्यात बरंच निभतं. निगेटिव्ह केबल काढून टर्मिनल आणि केबल यांच्या मध्ये बल्ब जोडला आणि तो झगझगीत पेटला तर मोठी गळती, बल्बमधली तार नुसती लाल झाली तर शंभरेक मिलिअँपियर, अजिबात नाही तर गळती थोडी किंवा नाही. बल्ब विझलेला असला तरच मीटर त्याच्या जागी घ्या, लाल सळी १० अँपियरच्या भोकात घालून. स्वस्त मीटरच्या त्या भोकाला फ्यूज नसतो, म्हणून मीटर जोडलेला असताना चावी फिरवायची नाही. सेल्फ लागला तर मीटर जळेल आणि सळ्याही. मीटरमधला ९ व्होल्टचा सेल उतरला असेल तर तो व्होल्ट जास्तीचे दाखवतो आणि १२.१ची बॅटरी १२.७ वाटते. तपासणीच्या आधी नवा सेल टाका. या रीतीचा खरा तोटा एकच, केबल काढताना सगळं रीसेट होतं आणि अधूनमधून येणारा दोष लपतो. पान्याने आधी नेहमी निगेटिव्हच सोडायचा, लावताना तो शेवटी.

इंजेक्शनची गाडी असेल, किंवा घरात दोन-तीन गाड्या, ट्रॅक्टर, सोलरच्या बॅटऱ्या असतील, तर क्लॅम्पचे पैसे वसूल होतात. तालुक्याला दुकान टाकलेल्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडे तर तो असायलाच हवा. मालकासमोर तारेला हात न लावता "हे बघा काका, चारशे मिलिअँपियर जातोय" असं दाखवता आलं की पुढचं भांडणच मिटतं. २० मिलिअँपियरच्या खालचे अचूक आकडे हवे असतील तर मात्र क्लॅम्पवर विसंबू नका, तिथे सळ्यांचा मीटरच खरा.

नागपूर-अमरावतीच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानातून घ्या किंवा ऑनलाइन मागवा, परत करायची मुदत संपायच्या आत एक तपासणी करा. गाडीची भरलेली बॅटरी आणि तोच ५ वॅटचा बल्ब दोन तारांनी जोडून क्लॅम्प त्यातल्या एकाच तारेवर लावा. आकडा ०.४२ अँपियरच्या आसपास यावा. क्लॅम्प उलटा लावून पुन्हा पाहा. झीरो नीट करूनही दोन आकड्यांत ३०-४० मिलिअँपियरचा फरक पडत असेल, किंवा हात न हलवता आकडा सारखा सरकत असेल, तर तो नग परत करा.